उरलेलं सगळं करडं

पाणी हिरवं. वाफ तांबडी. हवा निळी.
वायू पिवळा, मग तो पेटणारा असो की नसो.
आम्ल नारिंगी, अल्कली जांभळी,
तेलंबिलं तपकिरी,
आणि यातल्या कशातच न बसणारं जे काही, ते करडं.
हे मी मुळाक्षरांच्याही आधी शिकले.

रुस्तावीच्या खत कारखान्यात
जुंबेर, माझा बाप, पाइप रंगवायचा.
रंग वाळला की बाण काढायचा:
आत काय आहे ते कळून भागत नाही, म्हणायचा,
कुठून कुठे चाललंय तेही कळायला हवं.
संध्याकाळी त्याच्या नखांवरून कळायचं
दिवस कुठल्या गल्लीत गेला.
नारिंगी नखं दिसली
की आई त्याला दारातच थांबवायची,
जसा काही रंगच चावणार होता.

आता माझं गॅरेज आहे, गाड्यांच्या बाजारामागे.
अमेरिकेत धडकलेल्या, जपानात म्हाताऱ्या झालेल्या गाड्या
पोतीच्या बंदरात उतरतात
आणि त्यांचे गिअरबॉक्स माझ्याकडे येतात.
मी डिपस्टिक ओढते,
पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकवते.
डाळिंबाच्या रसासारखा पसरला, तर ठीक.
जुन्या चहासारखा, तर बोलू.
काळा, वर जळका वास,
तर मालकाला आधी स्टूल देते.

ऑटोमॅटिकचं तेल तांबडं असतं.
पण वाफेच्या पाइपासारखं नाही;
हा रंग मागाहून घातलेला,
गाडीखाली डाग पडला तर कळावं
की हे इंजिनाचं नाही, गिअरचं.
एवढंच. कूळ सांगतो, नाव सांगत नाही.
डेक्सरॉन तांबडं, मर्कॉन तांबडं,
टोयोटाचं पातळ तेही तांबडं,
सीव्हीटीचं कधी हिरवं, कधी तेही नाही.
एकाच्या जागी दुसरं ओतलं
तर पहिले शंभर किलोमीटर
काहीसुद्धा होत नाही.

परवा झौर आला, टॅक्सीवाला.
"तांबडं ते तांबडं, पोरी. स्वस्तातलं ओत."
हीटरपाशी बाप बसला होता,
मला वाटलं झोपलाय.

"त्र्याण्णवच्या हिवाळ्यात," तो म्हणाला,
"रंग संपले. गोदामात नुसता हिरवा.
वरून निरोप आला, गंजण्यापेक्षा हिरवं बरं.
मी सगळं हिरवं केलं.
अमोनिया हिरवा. आम्ल हिरवं.
बाण मात्र काढले.
बाण बरोबर होते."

मग बराच वेळ हीटरच बोलत राहिला.

"वालेरिअनला हात धुवायचे होते."

हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं.
वालेरिअनकाका डावखुरा आहे
एवढंच मी आजवर समजत होते.

झौरनं खिशातून चष्मा काढला.
कप्प्यातून गाडीचं पुस्तक उपसलं.
जपानी. आम्हा तिघांनाही सारखंच परकं.
त्यानं पानं उलटली, मी उलटली,
मधे कुणाची तरी जुनी पार्किंगची पावती,
एक वाळलेलं पान,
आणि शेवटून चौथ्या पानावर
तेलाचं नाव, दोनच रोमन अक्षरं.
तो मोठ्यानं वाचून दाखवत राहिला,
परीक्षेला बसल्यासारखा.
महाग पडलं. कुरकुरला. दिले पैसे.

जुनं तेल मी बरणीत काढलं.
तळाशी चिमूटभर चमक, क्लचची झीज.
झाकणावर काय लिहावं या विचारात होते
तेवढ्यात बाप म्हणाला, आण इकडे.
त्याचा हात हल्ली थरथरतो;
ब्रश टेकला की थांबतो.
करडा ठिपका. शेजारी एक बाण.
"बरणीत आहे ते," मी म्हटलं, "जाणार कुठे?"
त्यानं उत्तर दिलं नाही.
रंग वाळेपर्यंत
झाकणाला हात लावू दिला नाही.